तिसरा बिंदू कशाला, वन्सं?

वन्सं, कावळा लगेच शिवला.

तुमचे भाऊ दहाव्याचं करून आले, उंबऱ्याबाहेर पाय धुतले आणि तेवढंच बोलले. खाडीकाठी पान ठेवलं, चार पावलं मागे सरले, तोवर कावळा येऊन चोच मारून गेलासुद्धा. कुणाला हात जोडावे लागले नाहीत, कसला शब्द द्यावा लागला नाही. शेजारच्या पानावर म्हणे कावळा येतच नव्हता, आणि घरचे लोक पोरीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू, अशी एकेक कबुली देत उभे होते. तुमचं मात्र ठेवल्याबरोबर. चाळीतल्या बायका म्हणाल्या, सुटली बिचारी, कशात जीव अडकला नव्हता. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते. मला तुमचा राग आला.

जीव कशातच अडकला नव्हता? सोमवारी माझा बीजगणिताचा पेपर होता.

मी अजून रडले नव्हते, हेही सांगून टाकते. लोकांना वाटलं, नणंदच ती, भावजय कशाला रडेल. तसं नव्हतं. सगळा हिवाळा तुमचं पथ्यपाणी, माझी कारखान्याची पाळी, घरचं पाणी भरणं, सासूबाईंची दुखणी, आणि हे कमी म्हणून तुमचे एक्स आणि वाय. तुम्ही गेलात त्या दिवशी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर असं वाटलं की आता थोडं आडवं पडावं. एवढी मी दमले होते. आडवं पडायलाही कुणी दिलं नाही, कारण माणसं यायला लागली.

ह्या परीक्षेचं खूळ तुमचंच. मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला. तिथे मॅट्रिक न झालेल्या बायका पट्ट्याशी उभ्या राहून बाटल्या खोक्यात भरतात, आणि मॅट्रिक झालेल्या बायका टेबलाशी बसून ती खोकी तपासतात. पगाराचं राहू दे, मला ती खुर्ची हवी होती. संध्याकाळी घरी आले की चपलेचा पट्टा पायात रुतलेला असायचा. एकदा तुम्ही शाळेतून आलात, मला तो पट्टा सोडवताना बघितलंत आणि दप्तर खाली न ठेवताच म्हणालात, "वहिनी, बाहेरून मॅट्रिकला बस."

"वन्सं, मी कणकवलीला असतानाच गणितात गेलेली आहे."

"मग काय झालं? मी काय नुसती शोभेला गणिताची बाई आहे ह्या घरात?"

ऑक्टोबरच्या परीक्षेत बाकीचे सगळे विषय निघाले, गणित तेवढं राहिलं. तुम्ही पेढे आणलेत आणि वर म्हणालात, आता खरी मजा. तुमची मजेची कल्पना पहिल्यापासून वेगळीच होती. त्याच दिवसांत तुमचं जेवण सुटायला लागलं.

आलेखाचे कागद ह्यांनी आणले. गिरणी बंद पडल्यावर तुमचे भाऊ पवईला इंजिनिअर होणाऱ्या मुलांच्या मेसमध्ये लागले ते किती नाखुशीने, तुम्हाला ठाऊक आहे. गिरणीत साचा चालवलेला माणूस, तो ताटं मोजायला लागला. पण ती मुलं आलेखाचे कागद अर्धेमुर्धे वापरून टाकून देतात, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते रोज गुंडाळी करून आणायला लागले. कुठे आमटीचा डाग, कुठे अर्ध्या कागदावर काहीतरी वळणावळणाचं काढलेलं. उरलेल्या कोपऱ्यात मी अक्ष काढायचे. त्या हुशार मुलांच्या नागमोडी रेघेशेजारी माझी बापडी सरळ रेघ. "त्यांचंही इथूनच सुरू झालं," तुम्ही म्हणायचात. तुमचं मन राखायला मी मान डोलवायची.

शिकवणी बाहेरच्या खोलीत, तुमच्या खाटेशी. खाटेखाली सासूबाईंचं अंथरूण, आणि त्या त्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. दिवेलागणीच्या आधीचा तेवढाच वेळ मला मोकळा असायचा. समीकरण तयार कसं करायचं ते तुम्ही नळावर शिकवलंत. "पिंपात दोन कळशा पाणी आहे. नळाखाली मिनिटाला एक कळशी पडते. एक्स मिनिटांनी पिंपात किती?"

"नळाला एवढा जोर कधी असतो?"

"वहिनी!"

"एक्स अधिक दोन."

"मग वाय बरोबर एक्स अधिक दोन. काढ आता." मी काढली. रेघ शून्यातून न निघता वरून, दोनावरून निघाली, आणि मला वाटलं चुकलं. मी खोडायला घेतली तशी तुम्ही माझा हात धरलात. तुमचा हात तेव्हा गरम असायचा, सारखी कणकण. "अगो, पिंपात आधीचं पाणी आहे ना! सगळ्यांची रेघ शून्यातून निघते असं कुणी सांगितलं तुला? तुझीही नाही निघत."   त्यानंतर कणकवलीला वाया गेलेली माझी वर्षं वाया गेली असं मी कुणाला सांगितलं नाही.

भांडण होतं ते तिसऱ्या बिंदूवरून. ते मिटलं नाहीच.

पुस्तकातच लिहिलंय की दोन बिंदूंतून एकच रेघ जाते. मग दोन काढावेत, पट्टी लावावी, मोकळं व्हावं. तुमचं मात्र, तिसरा काढल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही. "कशाला, वन्सं? दोनात काम होतंय." "दोन बिंदू कुठलेही घे, रेघ येतेच. चुकलेल्या दोघांतूनही येते, आणि दिसायला तितकीच सरळ. तिसरा त्यांच्या ओळीत बसला तर खरं." मी वैतागायची. दिवसभर उभी राहून आलेली बाई, तिला एक बिंदू जास्त म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. त्यातून माझी ती खोड, वजाचं चिन्ह विसरायची. "खाल्लास परत वजा! घरात खायला दुसरं काही नाही काय?" तुम्ही ओरडायचात, आणि खालून सासूबाई पुटपुटायच्या, "दिसभर नुसते ठिपके. त्यापरीस दारात रांगोळी घातल्यानी आसती तर शोभली आसती."

जानेवारीत एकदा मी तुम्हाला पकडलं. दोन एक्स अधिक वायच्या जागी मी दोन एक्स वजा वाय उतरवून घेतलं होतं. तीन बिंदू काढले, तिन्ही सुतासारखे एका ओळीत. पट्टी लावली, रेघ ओढली. तुम्ही उत्तर बघून म्हणालात, साफ चूक. मी कागद तुमच्यापुढे नाचवला. "बघा! तिसरा बसला की नाही ओळीत? मुळात समीकरणच चुकीचं घेतलं असेल तर तुमचा तिसरा काय करणार? दहा काढले तरी दहाही बसतील."

तुम्ही कागद हातात घेऊन बघितलात. मग हसायला लागलात, इतक्या की खोकला आला आणि मला पाठ चोळावी लागली. "इतक्या वर्षांत वर्गातल्या एका पोरानं हे विचारलं नाही," म्हणालात. "थांब, ह्याचं उत्तर उद्या देते." दुसऱ्या दिवशी ताप चढला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. उत्तर राहिलं ते राहिलंच. मला अजून हवं आहे ते.

तुमच्या लग्नाच्या वेळीही तुम्ही हाच हट्ट धरला होता, असं सासूबाई सांगतात. मी तेव्हा ह्या घरात नव्हते. स्थळ डोंबिवलीचं. मुलाला नोकरी आहे, स्वतःची जागा आहे. सासऱ्यांनी होकार कळवायला घेतला, तर तुम्ही म्हणे मध्येच म्हणालात, "दोन गोष्टी झाल्या, बाबा. तिसरी सांगा." तिसरी कुणाला सांगता आली नाही. पुढच्या स्थळाला तेच. मग स्थळं यायची थांबली, आणि गिरणी बंद पडल्यावर तर तुमचा पगार घराला इतका लागला की तो विषयच आम्ही सगळ्यांनी मिळून विसरलो. तुम्हाला त्याचं कधी वाईट वाटलं का? इतकी वर्षं एका घरात राहिलो, एका पातेल्यातलं जेवलो, पण हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. तुम्हीही कधी होऊन बोलला नाहीत. शाळेतल्या गमती तेवढ्या सांगायचात.

माझा सगळ्यात मोठा राग कशाचा आहे, तोही आज सांगते. पोरांना, मला, स्वतःच्या बापाला तुम्ही तिसऱ्यासाठी अडवून धरलंत. आणि स्वतःच्या दुखण्यात? नाहूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात उष्णता झालीय. मुलुंडच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. मी म्हटलं, वन्सं, तिसऱ्याला दाखवूया, मी रजा टाकते. तुम्ही कूस बदललीत. "पुरे गं. दोघं तेच सांगतायत ना."  हे तुम्ही म्हणत होतात, तुम्ही! शेवटी, फार उशिरा तिसऱ्याकडे गेलो तेव्हा त्याने ह्यांना बाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं. रोग यकृतात होता आणि करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. तुम्ही दमला होतात, हे मला आता कळतं. तपासून बघायलाही अंगात बळ लागतं. पण तुम्ही माझ्यावर तेवढा विश्वास टाकायला हवा होतात. मी नेलं असतं तुम्हाला, पाठीवर घालून नेलं असतं.

शेवटचे आठ-दहा दिवस तुम्ही फारसं बोलत नव्हतात. मी वाट बघत होते. वाटायचं, एकदा तरी म्हणाल, वहिनी, काही झालं तरी पेपर दे. मोठ्या आवाजात म्हणाल, सासूबाईंना ऐकू जाईल असं. तेवढा एक शब्द मला पुरला असता. शेवटी तुम्ही बोललात ते काय, तर "माझ्या उशाखालची पट्टी काढ गं, टोचते." मी पट्टी काढली. पुढे तुम्ही बोललाच नाहीत.

म्हणून मी त्या कावळ्याची वाट बघत होते. म्हटलं, आता तरी अडेल. तुमचे भाऊ सगळं कबूल करून बघतील, लग्नकार्य, दानधर्म, तरी शिवणार नाही. आणि मग कुणाच्या तरी तोंडून निघेल, तिच्या वहिनीला परीक्षेला बसवू. मग फडफड होईल आणि माझी वाट मोकळी होईल. वेडेपणाच तो. पण दमलेल्या माणसाला असलं काहीतरी सुचतं. आणि तुम्ही अशा निघून गेलात, की जशी काही सुट्टीची घंटा झाली.

तेव्हा मलाच बोलावं लागलं. दहाव्याचं जेवण आटोपल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, परवा पेपर आहे. त्या तुमच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून बसल्या होत्या.

"माजा चेडू जावन बारा दिस होवक नाय, आणि तू परीक्षेक निघालंस? तेरावो होवंदे. मगे खंय जावचा तां जा."

"तेरावं मंगळवारी आहे. पेपर सोमवारी."

"मगे फुडच्या खेपेक."

मी ह्यांच्याकडे बघितलं. तुमचे भाऊ म्हणाले, "तुझं तू बघ." ह्या तीन शब्दांत माणूस कुठे उभा आहे ते कधी कळत नाही. मी रात्रभर विचार केला असं काही नाही, मी झोपले. मला एवढंच माहीत होतं की पुढच्या खेपेला शिकवायला तुम्ही नसाल, आणि मी हे सगळं विसरून जाईन, आणि पट्ट्याशी उभीच राहीन.

सोमवारी चहा ठेवला, सासूबाईंना दिला, साधी साडी नेसले. कंपास, पेन्सिल आणि तुमची ती पट्टी पिशवीत टाकली. चाळीच्या कठड्याशी बायका होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. चहा तसाच होता.

भांडुपच्या शाळेत नंबर आला होता. बाकांवर सगळी पोरंटोरं, एकाने मला पर्यवेक्षक समजून "बाई, पुरवणी" म्हणून हात वर केला. आलेखाचा प्रश्न शेवटी होता. दोन एक्स अधिक वाय बरोबर पाच, एक्स वजा वाय बरोबर एक, आलेख काढून उकल सांगा. सोपं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हे तर गिळायला दिलंय. मी पहिल्याचे दोन बिंदू काढले. वेळ थोडा उरला होता, बाकात पाय अवघडून मुंग्या आल्या होत्या. पट्टी लावली, रेघ ओढली. आणि मनातल्या मनात तुम्हाला म्हटलं, पुरे आता, दोन झाले.

पण तुमची पट्टीच हातात होती. तिच्यावर निळ्या शाईने तुमचं आडनाव लिहिलेलं होतं. मी चरफडत तिसरा काढला. एक्सला एक, वायला तीन. तो रेघेच्या खाली पडला. थोडाच खाली, पण खाली.

वन्सं, तिसरा बिंदू चूक कुणाची आहे ते सांगत नाही. तो फक्त सांगतो की तिघांत कुणीतरी खोटं आहे. मी तिन्ही परत करायला घेतले. एक्सला शून्य, वायला पाच, बरोबर. एक्सला तीन, म्हणजे पाचातून सहा गेले, आणि मी लिहिलं होतं एक. वजा खाल्ला होता मी. घरात खायला दुसरं काही नाही काय, तुमचा आवाज कानाशी आला आणि मी त्या पोरांमध्ये बसून हसले. मग खोडलं, समीकरण प्रश्नपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, कारण ती माझी शंका अजून शिल्लक होती. परत काढलं. तिन्ही बसले. दुसरी रेघही आली, आणि दोन्ही रेघा दोन स्वल्पविराम एकवर एकमेकींना छेदून गेल्या. घंटा झाली तेव्हा मी प्रमाण लिहीत होते.

भूमितीचा पेपर नंतर झाला, बरा गेला. निकाल लागायचाय. पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं.

मी घरी परत निघाले. तुम्ही जिंकला होतात, तिसऱ्याने मला वाचवलं होतं, आणि हे ज्याला सांगावं असं घरात कुणी नव्हतं. सासूबाई बोलणार नाहीत हे ठरलेलंच होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. सुतकातल्या घरातून बाहेर जाऊन आलेली बाई, आत घेतायत की नाही तेही माहीत नाही. सासूबाई भिंतीला धरून उठल्या, तांब्याभर पाणी घेऊन दारात आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पायांकडे बघितलं, सुजलेल्या.

"रेघ सरळ इली काय गो?"

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. हा तुमचा प्रश्न होता. रोज पट्टी उचलली की तुम्ही खाटेवरून हेच विचारायचात. सगळा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडलेली ती बाई ऐकत होती.

"आधी नाय इली," मी म्हटलं.

"मगे? तिसरो ठिपको काढलंस मां?"

"काढलंय, आई."

त्या वाकल्या आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. तेव्हा मी रडले, वन्सं.